मल्लिनाथअण्णांचा तुंबा

खुरपं मी माळ्यावरच्या पेटीत टाकलंय आणि पेटीची किल्ली हिच्या ताब्यात दिलीय. मी मागितली तरी द्यायची नाही, असं बजावूनही ठेवलंय. ही म्हणाली, "दारुड्यानं आपली बाटली दुसऱ्याला लपवायला द्यावी, तसं चाललंय तुमचं." म्हणू दे. कुंपणाच्या कडेला तीन विटांच्या आत तुंबा उगवलाय. गेल्या आठवड्यात दोन पाऊस झाले आणि काल सकाळी मातीवर नुसतं हिरवं हिरवं दिसायला लागलं. चष्मा चढवून, गुडघे धरून वाकून बघितलं, तर रोपं. शे-दीडशे तरी असतील, एकमेकांच्या अंगावर रेलून उभी. आणि मला भीती वाटायला लागली. किडीची नाही, उन्हाची नाही, माझ्या स्वतःच्या हातांची.

मी मुळात भित्रा माणूस नाही. पस्तीस वर्षं कचेरीत काढली, साहेबांशी भांडलो, एकदा विंचू चावला तरी जेवण पुरं करून उठलो. ही भीती मला शेजारच्या मल्लिनाथअण्णांनी लावली.

तुंबा म्हणजे काय, ते आधी सांगतो. सिमेंटवर वाढलेल्यांना कळायचं नाही. पावसाळ्यात बांधाला, रस्त्याकडेला आपोआप येणारं हे झुडूप. वीतभर नाहीतर फार तर गुडघ्याएवढं. देठ चौकोनी. देठावर थोड्या थोड्या अंतरानं हिरवे गेंद असतात आणि त्यांतून पांढरी फुलं बाहेर डोकावतात, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. लहानपणी ती उपसून मागच्या टोकाचा मध चोखायचो. दिवाळीनंतर वाळायला लागतं आणि थंडी सरता सरता काड्याच राहतात. आमच्या गावात त्याला तण म्हणतात. माझ्या आईनं जन्मभर ते खुरपलं, तिच्या मागं बसून मीही खुरपलं. ते कुणी डोळ्यांत तेल घालून पेरतं, जपतं, नळाला चार दिवसांनी येणारं पाणी त्याला तांब्या तांब्यानं घालतं, हे मी पहिल्यांदा अण्णांकडे बघितलं आणि पोट धरून हसलो.

अण्णा रेल्वेत होते. होटगी जंक्शनला पॉइंट्समन. म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जायची, ते रूळ सरकवणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी होटगी रोडच्या आतल्या अंगाला आमच्या शेजारी घर बांधलं. काटकुळे, उंच, मान कायम जराशी वाकडी. लांबून काहीतरी येतंय आणि ते ऐकायचंय, अशी. कमरेला करगोट्यात दोन किल्ल्या. एक घराची आणि दुसरीसुद्धा घराचीच.

त्यांचं कुलूप लावणं हा आमच्या गल्लीचा रोजचा कार्यक्रम होता. गेटला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, मोठ्यानं म्हणायचं, "लागलं." दहा पावलं जायचं, थांबायचं, परत यायचं. पुन्हा ओढायचं. "लागलं." कोपऱ्यापर्यंत जाऊन तिसऱ्यांदा यायचं आणि मग मी ओट्यावर दिसलोच तर हाक मारायची, "भाऊ, तुमी जरा हात लावून बघा की." मी बसल्या जागेवरून म्हणायचो, "अण्णा, लागलेलं दिसतंय इथनं." त्यावर ठरलेलं उत्तर, "दिसतंय न्हवं, हात लावून बघा."

विजेला भ्यायचे. गॅसला भ्यायचे. रस्ता ओलांडताना मोकळ्या रस्त्यावरही इतका वेळ थांबायचे, की शेवटी एखादं वाहन यायचंच आणि मग म्हणायचे, "बगा, आलं का न्हाय?" फोनला तर इतकं भ्यायचे, की तो उचलून पहिला शब्द "हॅलो" नसायचाच. "काय झालं?" असं विचारायचे. हुबळीला दिलेली त्यांची मुलगी सुवर्णा दर रविवारी फोन करायची. ती म्हणायची, काही नाही झालं. हे म्हणायचे, मग फोन कशाला केलास? आणि फोन ठेवल्यावर तासभर येरझाऱ्या, की पोरीनं काहीतरी लपवलं असणार.

मी एकदा म्हणालो, "अण्णा, आता भीतीलाही निवृत्त करा."

ते हसले नाहीत. "भाऊ, माझा निम्मा पगार भ्याचाच होता. पेन्शनबी त्याचंच खालालोय."

त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका संध्याकाळी त्यांनी रूळ सरकवले, दांडा बसल्याचा आवाज आला, सगळं ठीक. पाळी संपवून सायकलवर टांग टाकली आणि अर्ध्या वाटेत मनात आलं, आवाज नेहमीसारखा नव्हता. परत गेले. वाकून बघितलं, तर रुळाच्या पात्यात खडीचा दगड अडकलेला, मुठीएवढा. तो हातानं काढला. पाच-सात मिनिटांनी गाडी आली आणि गेली. गाडीतल्या कुणाला काही कळलं नाही. अण्णा मात्र शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तिथं उभे होते आणि तेव्हापासून, गाडी कुठलीही असो, शेवटचा डबा गेल्याशिवाय ते मान वळवत नसत. "मी आवाजावर भरोसा ठेवून घरी गेलो असतो तर?" एवढंच म्हणाले.  हे ऐकल्या दिवसापासून मी कुलपाला हात लावायला ओट्यावरून उठायला लागलो.

आता तुंबा कशासाठी, ते. अण्णांच्या घरात नीलाक्का होत्या. त्यांची बायको. ठेंगण्या, गोऱ्यापान, अक्कलकोटकडच्या, मराठी बोलल्या तरी कन्नडच्या चालीवर बोलायच्या. रोज सकाळी डाव्या तळहातावर सुपारीएवढं इष्टलिंग घेऊन पूजा करायच्या. आणि श्रावणात दर सोमवारी त्या पूजेला तुंब्याचंच फूल लागायचं. मी विचारलं होतं, महादेवाला बेल चालतो, पांढरा चाफा चालतो, मग हेच का? तर अक्कांनी आपला तळहात माझ्यापुढं धरला. "ह्येच्यावर चाफा ठिवला तर द्येव दिसंल का, भाऊ? झाकून जातंय की. तुंबं कसं, द्येवाच्या मापाचं हाय." मला ते पटलं. आजवर कुठल्या कीर्तनकाराचं इतकं पटलेलं नाही.

होटगीच्या क्वार्टरमध्ये असताना त्यांच्या कामाच्या केबिनच्या मागंच रुळाकडेला तुंबा माजायचा. पाळी संपवून येताना अण्णा रुमालात मूठभर फुलं आणायचे. अक्का दारातच विचारायच्या, "हू बंतेन्री?" फूल आलं का हो? अण्णा रुमाल पुढं करायचे. पुढं तिथं नवे रूळ पडले, खडी पडली, तुंबा गेला. आमच्या वसाहतीत तर दारापासून दारापर्यंत फरशी. पण तुंबा जायच्या आधीच अण्णांनी वाळलेली बोंडं चुरून बी ठेवलं होतं, ते आणलं आणि अंगणात फरशी फोडून तीन विटांचा वाफा केला. फरशी घालताना माणूस पैसे देतो, यांनी फोडायला दिले.

आणि तिथून त्यांची खरी भीती सुरू झाली. "गुलाब वाळला तर मूळ ऱ्हातंय, भाऊ. मोगरा खाली कापला तर फुटतोय. ह्ये दर वर्षी पुरतं मरतंय. काय बी मागं ठिवत न्हाय. येवढंच." असं म्हणून तपकिरीची एक रिकामी डबी उघडून दाखवायचे. तळाशी धुळीसारखं तपकिरी बी. "एक साल चुकलं की खलास." म्हणून सगळं बी कधी पेरायचे नाहीत. निम्मं मातीत, निम्मं डबीत. मुंग्या बी उचलतात म्हणून वाफ्याभोवती हळदीची रेघ ओढून बसायचे. एकदा वसाहतीनं कडेचं गवत मारायला फवारणीवाला बोलावला, तर अण्णांनी अक्कांचं जुनं लुगडं वाफ्यावर पसरलं, खुर्ची टाकली, छत्री उघडली आणि दिवसभर तिथं बसून राहिले. शिवाय पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "हात लावू नये. मुद्दाम लावले आहे." अख्खी गल्ली हसली. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

दोन वर्षांमागं जूनच्या शेवटाला अक्कांच्या पायांवर सूज आली. मग दम लागायला लागला. दोन पावलं चालल्या की भिंत धरायच्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, काही दिवस ठेवून घ्यावं लागेल. अण्णांचा चेहरा मातीसारखा झाला. तुंबा तेव्हा नुकता वर आलेला. रिक्षा दारात उभी, अक्का आत बसलेल्या, आणि हे किल्ली घेऊन माझ्यापुढं.

"भाऊ, पाणी."

"घालतो की."

"तसं न्हाय. बोला. पाणी घालणार."

रेल्वेतली ही त्यांची रीत. सांगितलेलं समोरच्यानं मोठ्यानं परत म्हणायचं, तरच ते पोचलं असं धरायचं. मी म्हणालो, "पाणी घालणार."

"हात लावणार न्हाय."

मला हसू आवरेना. "हात लावणार नाही."

अक्कांनी रिक्षातून मान बाहेर काढली. धाप लागलेली, तरी म्हणाल्या, "भाऊ, श्रावणाच्या आदी मी येतेच की." अण्णांनी गेटला दोनदाच हात लावला आणि रिक्षात बसले. तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटलं होतं.

दहा दिवस मी इमानानं पाणी घातलं. अकराव्या दिवशी फोन आला, उद्या घरी सोडतायत. ऐकून इतका आनंद झाला, की काय करू आणि काय नको. ही त्यांचं स्वयंपाकघर आवरायला गेली, मी अंगण. पावसानं फरशीच्या फटींतून सगळीकडे गवत माजलेलं. म्हटलं, अक्का घरी येतायत, अंगण कसं लख्ख दिसलं पाहिजे. गावाकडनं आणलेलं खुरपं काढलं. कडेचं झालं, पायरीपाशी झालं, आणि सरकत सरकत वाफ्यापाशी आलो.

तिथं थांबायला पाहिजे होतं. पण वाफ्यात काय दाटी! दहा-बारा चांगली टपोरी रोपं, चार बोटं उंच, आणि त्यांच्या पायाशी बारीक किरट्या रोपांचा नुसता गालिचा. शेतकऱ्याच्या पोराला हे बघवत नाही. अशी दाटी ठेवली तर एकही पोसत नाही, विरळणी केलीच पाहिजे, हे मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. अण्णा बिचारे रेल्वेतले, त्यांना काय कळतंय शेतीतलं? हात लावणार नाही म्हणालो होतो, ते आठवलंसुद्धा. पण मनात म्हटलं, हे हात लावणं कुठं आहे, ही तर चाकरी आहे. उकिडवा बसलो आणि अर्ध्या तासात बारीकसारीक सगळं उपटून टपोरी तेवढी ठेवली, दोन बोटांच्या अंतरानं. उपटलेलं कोपऱ्यावरच्या गाईला घातलं. तिनंही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. अण्णांनी त्यांना धरून पायऱ्या चढवल्या, पलंगावर टेकवलं आणि ते थेट वाफ्यापाशी आले. मी शाबासकी घ्यायला मागोमाग. अण्णा वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मग एका रोपाच्या पानाला हात लावला, बोटं नाकाशी नेली. उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उगवण कमी झालीय यंदा."

मी काही बोलायच्या आत ते आत गेले. मग मी वाकलो. पान चुरगळलं.  उग्र वास. रानतुळस! देठ तसाच चौकोनी, पानं तशीच समोरासमोर, आणि लहानपणी हजार वेळा खुरपलेला तुंबा मी ओळखला नव्हता. किरटा गालिचा, तोच तुंबा होता. तो मी एक एक करून, बोटांनी, मुळासकट काढला होता.

सांगायला पाहिजे होतं. त्याच पावली आत जाऊन पाय धरायला पाहिजे होते. मी ओट्यावर गेलो, पाणी प्यायलो, पुन्हा त्यांच्या दारापाशी आलो. आतून अक्कांचा दमलेला आवाज आला, "हू बंतेन्री?"  अण्णा म्हणाले, "अजून लहान हाय." त्यांनी मला बघितलं आणि मी काय म्हणालो असेन? "पाऊसच नाही ना झाला धड, अण्णा. त्यानं उगवण कमी." आदल्या दिवशीच गुडघाभर गवत उपटलेला मी.

अण्णा म्हणाले, "व्हय की."

त्यानंतर माझं घरात लक्ष लागेना. अण्णांच्या दाराची कडी वाजली की मी दाराआड व्हायचो. रोज सकाळी अण्णा तांब्या घेऊन वाफ्यावर यायचे आणि त्या रानतुळशीला पाणी घालायचे. रोज. जपून, मुळाशी, पानांवर थेंब न उडवता. मी खिडकीच्या आडून बघायचो आणि मला वाटायचं, ह्यांना कळलेलं नाही. वास घेऊनही कळलेलं नाही, बायकोच्या काळजीनं नाक मेलंय ह्यांचं. आज ना उद्या निळी फुलं येतील, तेव्हा कळेल, आणि तेव्हा काय? पण श्रावण जवळ येत चाललेला आणि अक्कांची सूज पोटावर आलेली.

"डबीतलं टाका ना अण्णा," मी एकदा धीर करून म्हणालो.

त्यांनी डबी काढली, उघडली, मिटली. पुन्हा उघडली. "आता टाकलं तर श्रावण सरून जाईल, तवा फूल येणार. आन् ह्येबी न्हाई आलं तर? येवढंच उरलंय, भाऊ. मला भ्या वाटलालंय." डबी कमरेला गेली. मग हळू आवाजात म्हणाले, "ती म्हणत्येय, तुंबं आलं की मी उठून बसणार. आन् न्हाय आलं तर काय, ते ती बोलंना, मी इचारंना."

त्या दिवशी जेवण गेलं नाही. हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "आत्ता जा आणि सांगा." मी स्कूटर काढली आणि उलट दिशेला गेलो, होटगीकडे. तुंबा शोधायला. जे जन्मभर उपटलं, ते बघायचं तर दिसेना. रस्त्याकडेला खडी नाहीतर प्लॉटिंगचे दगड. शेतात शिरावं तर फवारलेलं. अखेर एका तुरीच्या रानात भांगलणाऱ्या एक आजीबाई भेटल्या. मी विचारलं, तुंबा आहे का?

"तुंबा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमी उपटून उपटून मरलालोय आन् तुमी हुडकलालाव व्हय! औशदाला का?"

"पूजेला. माणूस आजारी आहे."

त्यांचं हसू गेलं. हातातलं खुरपं खाली ठेवून त्या मला वरच्या बांधावर घेऊन गेल्या. तिथं होता. फुललेला, मधमाश्या लागलेल्या. "येवढा बांद मी खुरपीत न्हाय मग," आजी म्हणाल्या. "येत जावा तुमी."

श्रावणातला प्रत्येक सोमवार उजाडला की मी त्या बांधावर. रुमालात मूठभर फुलं घेऊन फुलं कोमेजायच्या आत परत. अण्णांना म्हणायचो, मित्राचं शेत आहे. ते रुमाल घ्यायचे, एकदाही विचारायचे नाहीत, कुठला मित्र. अक्का पलंगावर उशांना टेकून पूजा करायच्या. पहिल्या सोमवारी त्यांनी एक फूल उचलून डोळ्यांशी धरलं. "आपल्या अंगणातलं न्हाय ह्ये?"

 अण्णा म्हणाले, "पाऊस न्हाय की झाला धड, नीला. त्यानं उगवण कमी." माझंच वाक्य. शब्द न् शब्द.

शेवटच्या सोमवारी अक्कांचा तळहात उचलेना. अण्णांनी आपला हात खालून लावला, त्यावर त्यांचा हात, त्यावर इष्टलिंग. फुलं ठेवायची म्हणून अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले. मी एक एक फूल ठेवत गेलो. घाईत दोन फुलं चादरीवर पडली. अक्का म्हणाल्या, "सावकाश, भाऊ. पळून चाललाय का द्येव?"

श्रावण सरल्यावर पाचव्या दिवशी, सकाळचं ऊन पलंगावर आलेलं असताना, त्या गेल्या. वाफ्यात रानतुळस कमरेएवढी झाली होती.

लोक म्हणाले, अण्णा आता वेडे होणार. तसं काही झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. दिवस झाल्यावर एका सकाळी ओट्यावर बसलो होतो, तर अण्णा गेटमधून बाहेर पडले आणि चालायला लागले. गेट सताड उघडं. कुलूप कडीला लोंबकळत होतं. मी हाक मारली, "अण्णा, कुलूप!" ते वळले. "असू दे की," म्हणाले आणि रस्ता तिरपा ओलांडून गेले, इकडं तिकडं न बघता. एक टेम्पो करकचून थांबला.  इतकी वर्षं ज्या भीतीची चेष्टा केली, ती त्यांच्यातून निघून गेलेली मला बघवेना. फोन वाजला तर वाजू द्यायचे. गॅसवर दूध करपायचं. दिवसातून चार वेळा मी त्यांच्या कुलपाला हात लावून यायचो. पुढचा पावसाळा आला तरी त्यांनी डबी उघडली नाही. मी विषय काढायला घाबरायचो, कारण विषय निघाला असता तर माझंही निघालं असतं.

यंदाच्या मे महिन्यात सुवर्णा त्यांना न्यायला आली. घर बंद करायचं ठरलं. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. ती सामान लावत होती. अण्णा खिडकीशी बसले होते, तिकीट कुठं आहे हेसुद्धा त्यांनी बघितलं नव्हतं. गाडी सुटायला दोन मिनिटं असताना त्यांनी कमरेची डबी सोडली आणि गजांतून माझ्या हातात दिली.

"जूनला टाका."

एवढंच. पाणी घालणार, हात लावणार नाही, दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. आणि त्यांच्या मागं तिसरंही होतं, दोन वर्षं घशात अडकलेलं. ते म्हणतील "बोला," म्हणून मी थांबलो. ते समोरच्या फलाटाकडे बघत राहिले. गाडी हलली. मी चालायला लागलो. खिडकी पुढं जायला लागली, मी पळायला लागलो, या वयात, चपला वाजवत.

एकाएकी अण्णा उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी गज धरले, वाकडी मान गजांना टेकवली, आणि डोळ्यांत तीच, कुलपापाशी असायची ती जुनी भीती.

"भाऊ! बोला!"

"पाणी घालणार!" मी ओरडलो.

"आन्?"

"हात लावणार नाही!"

गाडीनं वेग घेतला. अण्णांनी गजांतून हात बाहेर काढला, बोट माझ्याकडे रोखलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असे ओरडले,

"ह्या बारीला इरळणी करू नका, भाऊ! बारीक असतंय त्येच तुंबं असतंय!"

मी जागीच थांबलो. डबी मुठीत होती. शेवटचा डबा जाईपर्यंत मान वर करायची मला हिंमत झाली नाही.